तितराच्या गोष्टीचा चौदावा भाग

आक्का, तुझे दिवस घालून चार दिवस झाले. येणारे येऊन गेले. बाईमाणसानं लांडग्याच्या घशात मूठ घातली, असं जो तो म्हणत होता आणि मी मान हलवत होतो. त्याच्या पुढं लोक म्हणायचे, भावानं पण त्याचा चेंदामेंदा केला. तिथं मी काहीतरी निमित्त काढून आत जायचो.

त्या चेंदामेंद्यावरूनच आपलं भांडण झालं. ते मिटवायच्या आधी तू गेलीस, म्हणून आज ते मी एकटाच भांडत बसलोय. तुला सगळं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून सांगतो. मधलं काही गाळून सांगितलं तर मी स्वतःला सोडवून घेईन, एवढी मला माझी ओळख झालीय.

दुष्काळामुळं लग्नं थोडकी, त्यामुळं माझे लाऊडस्पीकर घरात पडून होते. मिरजगावच्या दुकानात रेडिओ दुरुस्तीला कोणी आणत नव्हतं. कुलूप लावून मी आणि तुझी भावजय शांता पाझर तलावाच्या कामावर जायला लागलो. मी पहार घेऊन मुरूम खणायचो, शांता पाट्या वाहायची. तू बंधाऱ्याच्या कडेला ताडपत्रीखाली कामावरच्या बायांची पोरं सांभाळायचीस. पोरांना सरकारी सुकडीचा खाऊ वाटून झाला की गोष्ट सांगायचीस. नवऱ्याचं घर सुटल्यापासून तू माझ्याकडंच होतीस आणि आपली बबी आईपेक्षा तुझ्याच कडेवर वाढली. चार वर्षांची झाली तरी तुझ्याशिवाय घास घेत नव्हती.

लांडगा भर सकाळी आला, नऊच्या सुमाराला. आधी कोणाला तो कुत्राच वाटला. तोंडातून फेस, मागचे पाय ओढत सरळ रेषेत चालत आला. वाटेतल्या गाढवाला चावला, थांबला नाही. ताडपत्रीपाशी बबी बसली होती. तिची पोटरी त्यानं धरली आणि तिला ओढायला लागला.

मी खड्ड्यात होतो. मी पाहिलं तेव्हा तू त्याचे दोन्ही जबडे हातांनी फाकत होतीस. पोरीचा पाय सुटला आणि तो तुझ्या तोंडावर आला. तुझा गाल आणि खालचा ओठ त्याच्या दातांत गेला. तू मागं सरली नाहीस. डावी मूठ कोपरापर्यंत त्याच्या घशात घातलीस, त्याला खाली दाबलंस आणि गुडघे त्याच्या बरगड्यांवर रोवून त्याच्यावर बसलीस. त्या अवस्थेत बायांना सांगत होतीस की पोरं उचला. फाटलेल्या ओठातून शब्द येत नव्हते, पण सगळ्यांना कळलं.

मी पहार घेऊन आलो. पहिला घाव त्याच्या कण्यावर बसला, दुसरा मानेवर, तिसऱ्याला डोकं फुटलं. तो मेला. तू हात बाहेर काढलास आणि बाजूला कलंडलीस. इथपर्यंत लोक सांगतात ते खरं आहे.

त्यानंतर मी थांबलो नाही. किती वेळ मारत होतो मला माहीत नाही. त्याचं डोकं उरलं नाही, मग मी पोटावर मारलं, मग पायांवर. माझ्या तोंडावर, छातीवर काय काय उडत होतं. मी काहीतरी ओरडत होतो. चार गड्यांनी मला मागून धरलं तेव्हा त्यातल्या एकावरही मी पहार उगारली. समोर शांता बबीला घेऊन उभी होती आणि बबीचं तोंड माझ्याकडं होतं. मी पहार टाकून तिला घ्यायला गेलो, तर ती किंचाळली. लांडग्यानं धरलं तेव्हा ती तशी किंचाळली नव्हती.

त्या दिवशी कामावर पिण्याच्या पाण्याचा टँकर आला नव्हता. पिंपाच्या तळाला दोन कळश्या पाणी होतं. तू उठून बसलीस, कोणाच्या तरी शिदोरीतून साबणाची वडी मागून घेतलीस आणि बबीचा पाय धुवायला लागलीस. चोळून चोळून, ती ओरडत असताना, जखमेत बोट घालून. दोन्ही कळश्या त्या पायावर संपवल्यास. तुझ्या तोंडाला पाणी उरलं नाही. शेजारच्या वस्तीवरून मी पाणी आणतो म्हणालो, तर तू ट्रककडं बोट दाखवलंस. कोणी एक माणूस सांगत होता की अमक्या गावात मुळी उगाळून देतात, उतार पडतो. तू त्याच्याकडं बघितलंही नाहीस. कामावरच्या ट्रकनं आपण नगरला गेलो. पुढं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की पोरीचा पाय लगेच धुतला हे फार चांगलं झालं. तोंडाच्या जखमांचं ते काही बोलले नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, तोंड मेंदूच्या जवळ असतं, आपण सुया वेळेवर देऊ, बघू.

चौदा दिवस, रोज पोटात एक सुई. तुला आणि बबीलाही.

पहिल्या दिवशी तिला धरायला दोघी नर्सबाई आणि शांता लागली. मी पुढं झालो की ती अंग आखडून घ्यायची, म्हणून मला दाराबाहेर उभं केलं. आतून तिचा आवाज येत होता आणि मी भिंतीवर मूठ आपटत होतो. संध्याकाळी, नगरात आपण उतरलो होतो त्या मामाच्या खोलीवर, तू मला खुणेनं टेपरेकॉर्डर मागितलास. सेलवर चालणारा तो लहान स्पूलचा टेप मी नगरच्याच जुन्या बाजारातून आणला होता, लग्नातली भजनं भरायला. कपडे आणायला गावी जाऊन आलो तेव्हा पिशवीत तो का टाकला, मला सांगता येत नाही. तुझं म्हणणं असं की रोज एक भाग भरायचा आणि सकाळी रांगेत पोरीच्या कानाशी लावायचा. सुई टोचेपर्यंत गोष्ट अशा जागी आली पाहिजे की पोरगी श्वास धरून ऐकेल.

मग कोणत्या जनावराची गोष्ट, यावर आपण तासभर घातला. तुझा खालचा ओठ पट्टीत होता. प, ब, म तुला म्हणता येत नव्हतं. बबीला तू त्या दिवसापासून छकुली म्हणायला लागलीस आणि मला नुसतं 'रे', कारण बाळू तुझ्या तोंडून निघत नव्हतं. त्यामुळं माकड गेलं, मांजर गेलं, बैल गेला. तू हसायचा प्रयत्न केलास आणि पट्टीतून रक्त आलं. मी सांगितलं, वाघ नको, कुत्रा नको, अंगावर येणारं कोणतंच जनावर नको. बबी शांताच्या मांडीवरून प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होती, त्याला दात हायत का. सशाला हायत. खारीला हायत. उंदराला तर हायतच. शेवटी तू म्हणालीस, तितर. दात नाहीत, तुझ्या ओठाला जमतं, आपल्या माळावर रोज दिसतं. बबीनं ते मान्य केलं.

पहिले दोन भाग तू त्याच रात्री भरलेस, पहिल्या सुईचा राहिलेला धरून. त्यांत एकटं तितर होतं. तळं आटलं म्हणून पाण्याच्या शोधात पायी निघालेलं, कारण उडायचा त्याला कंटाळा. रांगेत बबी टेपला कान लावून बसायची. सुई टोचली की ओरडायची, पण ओरडून झालं की पुढं काय विचारायची. तिसऱ्या भागात तू ससा आणलास. बबी म्हणाली त्याला दात हायत. टेपमध्ये तू त्याचं उत्तर आधीच भरून ठेवलं होतंस, की आहेत, पण ते गवताला. पाचव्या भागात साळू आलं, काटे आणि दात दोन्ही असलेलं. सातव्यात कोल्हा. मला वाटत होतं तुला सुचेल तसं तू सांगतेस. तू दात मोजून वाढवत होतीस, हे मला आज कळतंय.

दहाव्या दिवशी रांगेत मी टेप धरून उभा होतो. तितर, ससा आणि साळू एका करवंदीच्या जाळीत बसलेत आणि बाहेर कोणीतरी पाय ओढत चालतंय. तुझा आवाज म्हणाला, लांडगा. मी बटण बंद केलं.

बबी म्हणाली, दादा, लाव. मी नाही म्हणालो. तिनं टेपला हात घातला, मी तो वर उचलला, आणि ती मागं सरली. खांदे वर घेऊन भिंतीला चिकटली. माझा हात वर होता, आक्का. त्या हातात टेप होता, पण तिला काय दिसलं ते मला तिच्या तोंडावरून कळलं. त्या दिवशीची सुई सगळ्यांत वाईट गेली.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर मी तुला बोललो. तुझ्या तोंडाचे लचके तोडणाऱ्याची गोष्ट पोरीला सांगतेस, तुला अक्कल आहे का, असं बोललो. ससा आहे, साळू आहे, तेवढ्यावर चार दिवस निघाले असते. तू ऐकून घेतलंस. मग हळू, तोडून तोडून म्हणालीस, "ही गोष्ट लांडग्याचीच."

मी कारण विचारलं. तू पट्टी हातानं धरून जे बोललीस ते तुझ्या ओठांनी अर्धंच बाहेर आलं. मी ते पूर्ण लिहितो.

"पोरगी लांडग्याला भीत न्हाई. तो मेलेला तिनं बघितलाय. ती तुला भीती."

मी तुझ्याशी बोलणं टाकलं. पुढचे तीन भाग शांतानं बटण दाबून भरले आणि तिनंच रांगेत लावले. मी बाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहायचो. तेराव्या संध्याकाळी तू मला हाक मारून बसवलंस आणि म्हणालीस, शेवटचा भाग तू सांग. मी सांगितलं, मला गोष्टी येत नाहीत. तू म्हणालीस, ही येती. मी उठून गेलो. चौदावी सुई बबीनं गोष्टीशिवाय घेतली आणि आपण गावी आलो.

त्यानंतर घरात आपण भाकरी वाढ, पाणी ठेव, एवढंच बोलत होतो. तुझा ओठ भरत आला होता. एकदा तू मला 'बाळू' म्हणून बघितलंस, नीट जमलं. मी ओ दिली नाही. ऐकू आलं नाही असं दाखवलं.

नगरहून येऊन नऊ दिवस झाले आणि तू म्हणालीस, गालाला मुंग्या येतात. दुसऱ्या दिवशी तांब्या तोंडाजवळ नेलास आणि तुझा हात असा झटकला गेला की तांब्या भिंतीवर जाऊन आदळला. तू तांब्याकडं बघितलंस, मग माझ्याकडं. बबीला तिच्या आईकडं दे आणि मला परत ने, एवढं म्हणालीस. घराबाहेर पडताना पदरानं तोंड बांधून घेतलंस.

दवाखान्यात तुला वेगळी खोली दिली. करण्यासारखं होतं ते सगळं त्यांनी केलं, आणि करण्यासारखं फारसं काही राहिलं नव्हतं. दाराच्या फटीतून वारा आला तरी तुझा गळा आवळला जायचा. पाण्याचा आवाज आला की तुझी मान मागं जायची, डोळे बाहेर यायचे, कोणी आतून धरून पिळतंय असा सगळा देह वाकायचा. लाळ गिळता येत नव्हती. मध्ये अर्धा अर्धा तास तू पूर्ण शुद्धीवर असायचीस, आणि ते बघणं त्याहून अवघड होतं. अशाच एका वेळी तू हात पुढं केलेस.

"हात बांध माझे. मी कुनाला चावले तर?"

मी बांधले. शांताच्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या होत्या. मी मनगटाला पहिली गाठ सैल मारली. तू मान हलवून नाही म्हणालीस. मी घट्ट मारली. मला पहिल्यांदा चड्डीची नाडी बांधायला शिकवणारी तू, आणि मी तुला पलंगाच्या दोन बाजूंना बांधत होतो. झटका आला की पलंग फरशीवर सरकायचा. लोखंडाचा तो आवाज दोन दिवस चालला.

मला तुला खूप सांगायचं होतं. तुझं म्हणणं खरं होतं, असं म्हणायचं होतं. चौदाव्या भागात काय सांगायचं होतं, हे विचारायचं होतं. दर वेळी तोंडात एकच वाक्य यायचं, बबी बरी हाय. तू मान हलवायचीस. एकदा म्हणालीस, पाय बघ तिचा, पू नको व्हायला. शेवटी तू मला ओळखत नव्हतीस. माझ्या हाताला चावायला धावलीस आणि पट्ट्यांनी तुला मागं ओढलं. मी मारलेल्या गाठी टिकल्या. त्यानंतर थोड्या वेळात तू गेलीस.

आता राग कोणावर काढू ते कळत नाही. लांडग्यावर काढून झाला, आणि त्याचं काय झालं ते आपण बघितलं. दोन कळश्यांवर काढतो, न आलेल्या टँकरवर काढतो. तुझ्यावरही काढतो. थोडं पाणी स्वतःला ठेवलं असतंस तर? मग बबीला अंगणात लंगडत चालताना बघतो आणि पुढं तसं म्हणायला तोंड राहत नाही.

काल दुपारी तिनं शांताला टेप मागितला. शांतानं माझ्याकडं बघितलं. मी तो काढला, हेड पुसलं, सेल बदलले आणि पहिल्यापासून लावला. बबी उंबऱ्याशी बसली, मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला. या सहा आठवड्यांत आमच्यात एवढं अंतर ठरून गेलंय.

शेवटचे तीन भाग मी प्रथमच ऐकले. अकराव्यात तितर जाळीतून डोकावून सांगतं की लांडगा आजारी आहे. बाराव्यात ससा म्हणतो, आजारी असला तरी चावतो, जवळ जायचं नाही, आणि तू त्याचं म्हणणं खोडत नाहीस. तेराव्यात ते सगळे तळ्याशी पोचतात. तळ्यात थोडं पाणी आहे आणि काठावर लांडगा उभा आहे. तुझा आवाज सांगतो की त्याला तहान लागली होती, पाणी समोर दिसत होतं, पण गिळता येत नव्हतं. आक्का, हे तू मामाच्या खोलीत बसून भरलंस. नर्सबाईंना विचारून घेतलं असणार. पुढं स्वतःचं काय होऊ शकतं हे तुला तेव्हाच माहीत होतं, आणि तेराव्या भागात तुझा आवाज कुठंही कापत नाही. मग तू म्हणतेस, इतक्यात एक गडी हातात पहार घेऊन धावत आला. तिथं भाग संपतो. टेपची रिकामी खरखर येत राहते.

बबीनं विचारलं, पुढं?

शांता म्हणाली, आत्यानं एवढीच भरली. बबी तिला म्हणाली, न्हाई, आत्या म्हनली हुती, चौदावा दादा सांगंल.

तू तिला सांगून ठेवलं होतंस.

मी टेप बंद केला. मला गोष्टीसारखं सांगता येत नाही, म्हणून झालं तसं सांगितलं. त्या गड्याची पोरगी तिथं होती आणि त्याची बहीण लांडग्याच्या अंगावर बसली होती. त्यानं पहार मारली. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्याला लांडगा मेला.

"मग?"

मग तो मारतच राहिला, मी म्हणालो. लांडगा मेला होता तरी मारत राहिला. लोकांनी धरलं तरी मारत होता. लई मारलं त्यानं.

शांतानं हातातलं सूप खाली ठेवलं.

"मेल्यावर का मारलं?"

"भ्याला हुता," मी म्हणालो. "पोरगी जाईल, बहीण जाईल, म्हनून लई भ्याला हुता. त्याला थांबता येईना."

ती बराच वेळ फरशीवर बोटानं काहीतरी काढत होती. मग तिनं विचारलं की तो गडी आता मारतो का. मी म्हणालो, न्हाई. तितर कुठं गेलं म्हणून विचारलं. मी म्हणालो, ते होतं तिथंच, पाणी पिऊन गेलं. एवढं खोटं मी घातलं, आक्का. ते राहू दे.

"परत सांग," ती म्हणाली. "मारायचं बी सांग."

मी परत सांगितलं. ती उंबऱ्यावरून उठून आधी टेपपाशी आली, मग माझ्या गुडघ्याशी. तिसऱ्या घावाच्या वेळी तिनं माझा अंगठा धरला आणि मी पुढचं सांगेपर्यंत सोडला नाही.